घराची फाईल कुठल्या दारात अडते? म्हाडा, सिडको, घरकुल आणि मराठवाडा

मराठवाड्यात ‘सरकारी घर’ म्हटलं की लोक एकाच दमात म्हाडा, सिडको, घरकुल, आवास असं सगळं बोलतात. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येकाचं दार वेगळं, साहेब वेगळा आणि पैशाची वाटही वेगळी. चुकीच्या दारात अर्ज गेला की तो फेटाळला जात नाही. तो नुसता पडून राहतो, आणि अर्जदाराला वाटतं आपलं काम चालू आहे. म्हणून आधी दारं ओळखायला हवीत.

म्हाडा हे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण. कायदा 1976 चा, प्रत्यक्ष स्थापना डिसेंबर 1977 मध्ये. जुनं गृहनिर्माण मंडळ, विदर्भाचं मंडळ, मुंबईची इमारत दुरुस्ती आणि झोपडपट्टी सुधार मंडळं त्यात एकत्र केली गेली. मुख्यालय वांद्रे पूर्वेला, गृहनिर्माण भवनात. प्रशासनात सगळ्यात वर उपाध्यक्ष तथा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे आयएएस अधिकारी, आणि खाली नऊ मंडळं. आपल्या आठही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं एकच मंडळ आहे. त्याचा प्रशासकीय प्रमुख मुख्य अधिकारी. लातूर असो की हिंगोली, म्हाडाच्या घराचा निर्णय तिथेच होतो. तहसीलदार किंवा नगरपालिका त्यात काही करू शकत नाही.

मंडळात तुमचा संबंध दोनच कक्षांशी येतो. सोडत काढणारा पणन कक्ष, आणि घर लागल्यानंतर हस्तांतर, सेवाशुल्क, नाव बदलणं, थकबाकी हे सगळं पाहणारा मिळकत व्यवस्थापक. 2023 पासून सोडतीची पद्धत बदलली आहे. कागदपत्रं आधी अपलोड करायची, ती तपासून पात्रता ठरते, मग अर्ज आणि अनामत रक्कम. पूर्वी घर लागल्यावर कागद तपासायचे आणि तिथे माणूस बाद व्हायचा, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. अडकतं ते अधिवास प्रमाणपत्रापाशी. जुनं, हातानं लिहिलेलं प्रमाणपत्र चालत नाही, बारकोड असलेलं नवं लागतं. सोडतीची जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात पळण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवा. पती-पत्नी दोघांचं उत्पन्न आणि दोघांच्या नावावरची घरं पाहिली जातात. साध्या योजनेत त्या शहराच्या हद्दीत घर नसावं अशी अट असते. तेच घर पंतप्रधान आवास योजनेतलं असेल, तर देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. गावाकडे वडिलांचं घर आपल्या नावावर झालेलं असतं आणि माणूस इथे बाद होतो.

बिल्डरच्या प्रकल्पातल्या 20 टक्के घरांबद्दलही बराच गैरसमज आहे. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर ही घरं म्हाडाच्या सोडतीला द्यावी लागतात, पण मूळ नियम 10 लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. मराठवाड्यात त्यात फक्त छत्रपती संभाजीनगर बसतं. नांदेड-लातूरच्या मोठ्या स्कीममध्ये ‘म्हाडाचा कोटा’ मिळवून देतो असं कुणी सांगून टोकन मागत असेल, तर आधी मंडळात विचारा.

सिडको म्हाडासारखं गृहनिर्माण प्राधिकरण नव्हे. ती 1970 ची सरकारी कंपनी, शहर व औद्योगिक विकास महामंडळ. संभाजीनगरचे एन-1, एन-2 असे भाग तिने वसवले. 2006 मध्ये तिथलं नागरी सुविधांचं काम महापालिकेकडे गेलं, पण भूखंडांचे भाडेपट्टे सिडकोकडेच राहिले. त्यामुळे नळ-रस्त्याला महापालिका आणि घर विकायला सिडकोचं ना-हरकत, अशी दोन दारं एकाच घराला लागतात.

खेड्यातलं घरकुल मात्र या सगळ्याच्या बाहेर आहे, आणि मराठवाड्यातली बहुतेक माणसं याच वाटेवर उभी आहेत. हा विषय गृहनिर्माण विभागाचा नाही, ग्रामविकास विभागाचा. वर बेलापूरला ग्रामीण गृहनिर्माणाचा राज्य व्यवस्थापन कक्ष, जिल्ह्यात जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेचे प्रकल्प संचालक, तालुक्यात गटविकास अधिकारी आणि त्यांच्याकडचे कंत्राटी गृहनिर्माण अभियंते, गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पंतप्रधान आवास ग्रामीण मध्ये केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के पैसा देतं. रमाई घरकुल योजना मात्र सामाजिक न्याय विभागाची, शबरी घरकुल योजना आदिवासी विकासची. घर बांधून घेणारी माणसं तीच, पण निधी दुसऱ्या खात्यातून येतो. शेजारच्याचा हप्ता आला आणि आपला नाही, तर आधी दोघांची योजना एकच आहे का ते बघा.

आवास योजनेचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. त्याशिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, 2025-26 च्या 312 रुपये दरानं 28,080 रुपये, आणि शौचालयाचे 12 हजार. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. मंजुरीपासून 12 महिन्यांत पूर्ण करायचं.

हप्ता कसा येतो ते नीट समजून घ्या. यादीतलं नाव ग्रामसभेतून जातं. मग आधार, बँक खातं आणि जॉबकार्ड क्रमांक घालून ऑनलाइन नोंदणी. नंतर राहत्या घराचा आणि नव्या जागेचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो, मग मंजुरी आदेश आणि 15 हजारांचा पहिला हप्ता. पुढचे हप्ते काम जोत्यापासून टप्प्याटप्प्यानं वर गेल्यावर. प्रत्येक टप्प्याला नवा फोटो लागतो. फोटो अपलोड झाला की पंचायत समितीत दोन डिजिटल सह्या होतात आणि पैसे थेट खात्यात पडतात. ‘वरून निधी आला नाही’ हे उत्तर कधी खरं असतं, पण पुष्कळदा अडथळा या दोन सह्यांच्या अलीकडेच असतो: फोटोच अपलोड नसतो.

बँकेतला अडथळा कुणी सांगत नाही. पूर्ण केवायसी नसलेल्या लहान जनधन खात्यात वर्षभरात 1 लाखावर जमा चालत नाही. त्यामुळे हप्ता परत जाऊ शकतो. पूर्वीच्या हैदराबाद स्टेट बँकेचं जुनं पासबुक घेऊन नोंदणी केलेल्यांचा आयएफएससी चुकतो, कारण ती बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली. दोन्हींवर उपाय सोपा आहे: हप्ता येण्याआधी शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करा, खात्याला आधार जोडलंय का ते पाहा, आणि नवा आयएफएससी पंचायत समितीत कळवा.

बीड, जालना, परभणी या पट्ट्यात ऊसतोडीचा प्रश्न वेगळाच. दिवाळीच्या आसपास घरंच्या घरं टोळीबरोबर निघून जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. सर्वेक्षणाला माणूस नसतो, जिओटॅगला नसतो, बांधकामाला तर नसतोच. 12 महिन्यांतले पाच-सहा महिने इथेच गेले. प्रशासनानं या कुटुंबांची नोंदणी आणि पहिला हप्ता उन्हाळ्यात घ्यायला हवा, म्हणजे पावसाआधी जोतं तरी वर येईल. तांड्यावरच्या माणसानं निघण्याआधी ग्रामसेवकाकडे लेखी कळवून जावं. तोंडी सांगितलेलं फाईलला लागत नाही.

पात्रतेच्या निकषातली एक अट मराठवाड्याला फार लागते. 5 एकर किंवा त्याहून जास्त कोरडवाहू जमीन असेल तर कुटुंब बाद. जिथे एका पावसाच्या उघडिपीत सोयाबीन हातचं जातं, तिथे 5 एकर कोरडवाहू म्हणजे सुबत्ता नव्हे. सातबारा भावाभावांत प्रत्यक्ष वाटला गेला असूनही एकत्र नावावर राहिला, तर ही अट विनाकारण लागू होते. वाटणीची नोंद आधी करून घ्या.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत 1 लाखापर्यंत मदत आहे. तुकडेबंदीमुळे एवढा छोटा तुकडा विकता येत नाही असं सांगतात, पण ग्रामीण घरकुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं 1,000 चौरस फुटांपर्यंत खरेदी होऊ शकते. गायरानावर मात्र भरवसा ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर तिथली अतिक्रमणं नियमित करणं शासनालाही अवघड आहे.

आता पायाचं. काळ्या रानात वस्ती असली की 269 चौरस फुटांच्या घराचा निम्मा पैसा जमिनीखाली जाऊ शकतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंत तिच्याबरोबर हलते. मुरूम लागेपर्यंत खणा. जोत्यात काढलेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरून पाणी मारून थर धुमसून घ्या. जोत्याच्या पातळीला आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग सिमेंट-काँक्रीटचा पट्टा हवाच. गुत्तेदार हा पट्टा वाचवतो, कारण प्लास्टर झालं की तो दिसत नाही. घरकुलासाठी 5 ब्रासपर्यंत मोफत वाळूची तरतूद आहे, तिचा पास तहसीलमधून मिळतो. तो आधी घ्या, मग गुत्तेदाराशी दर ठरवा.

पट्ट्याचा आग्रह किल्लारीच्या भूकंपामुळे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं माणसांवर कोसळलं. त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली, जमीनधारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. त्याच्या कितीतरी पट घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्यात पैसा टप्प्याटप्प्यानं घरमालकाकडे आला आणि अभियंता प्रत्येक टप्पा बघायला दारात यायचा. आजच्या हप्त्यांची रचना जवळपास तशीच आहे. फरक इतकाच की आता एकेका अभियंत्याकडे इतकी गावं असतात की पाहणीची जागा फोटोनं घेतली आहे, आणि भिंतीतली सळई फोटोत दिसत नाही. तालुक्याला अभियंते वाढवल्याशिवाय याला दुसरा उपाय नाही.

हप्ता अडला तर आधी ‘एमएच’नं सुरू होणारा आपला नोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन स्थिती पाहा. फोटो, सही की बँक, यातलं काय अडलंय ते तिथे कळतं. मग त्याच मुद्द्यावर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. तिथे हललं नाही तर प्रकल्प संचालक, त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयातला महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन. तिथे जाताना तालुक्याच्या अर्जाची पोच सोबत ठेवा.