क्यूआर कोड आणि शेजारच्या खाटेवरच्या आजी

आज सासूबाईंना सरकारी दवाखान्यातून घरी आणलं. चार दिवस वॉर्डात बसून होते, त्यामुळे भिंतीवरचं सगळं पाठ झालंय. पंख्याच्या बटणांशेजारी एक क्यूआर कोड चिकटवलाय, 'आपला अभिप्राय द्या'. मी लगेच स्कॅन केला. बाथरूमला कडी नाही, हे लिहूनही टाकलं.

शेजारच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं, "कसला फोटो काढला गं?" सांगितलं, तर म्हणाल्या, "मला वाटलं लाईटबिलाचं काहीतरी असेल." त्या बारा दिवस त्याच भिंतीसमोर झोपून होत्या! कडीचा त्रास माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. दरवेळी सून दाराबाहेर उभी.

केंद्र सरकारची 'मेरा अस्पताल' योजना २०१६ पासून आहे. ज्या दवाखान्यांत ती आहे, तिथून गेलेल्या रुग्णाला एसएमएस किंवा फोन करून अनुभव विचारतात. पण आजींच्या केसपेपरवर नंबर पुतण्याचा, आणि तो सुरतेला. मेसेज आलाच तर तो काय सांगणार, जेवण कसं होतं ते?

मी आजींना म्हटलं, सांगा, मी लिहिते. बराच वेळ गप्प. मग हळूच, "नको बाई, परत इथंच यायचंय."

तक्रारपेटीही आहे म्हणे. अधीक्षकांच्या केबिनबाहेर, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती.