जरा कारखाना बघायचा होता

आजीच्या फणेरपेटीत एक तांब्याचा पैसा सापडला. जाड, काळपट. एका अंगाला तराजू आणि दोन पारड्यांच्या मध्ये फारसी अक्षरांत ‘अदल’, म्हणजे न्याय. दुसऱ्या अंगाला १८०४. मी तो आधी चिंचेने घासून लख्ख केला आणि मग कुठला ते शोधायला बसलो. (नाणी जमवणारे या क्रमावर फार चिडतात.) मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने पाडून घेतलेला पैसा, पण पाडला मुंबईत नाही. बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे, वाफेवर चालणाऱ्या टांकसाळीत. मालक मॅथ्यू बोल्टन.

बोल्टन म्हटलं की लोकांना त्याचा भागीदार जेम्स वॅट आणि दोघांचं वाफेचं इंजिन आठवतं. मला आठवते ती आल्यागेल्यांसाठी उकळत ठेवलेली चहाची किटली. वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरला लेथचं दुकान होतं, त्याचा हा परिणाम. ‘आल्यागेल्याचं बघू, का जॉब काढू?’ हे वाक्य घरी रोज ऐकू यायचं. चार कामगारांच्या शेडची ही गत. बोल्टनकडे सातशे होते.

सोहोचा कारखाना १७६० च्या दशकात उभा राहिला. बटणं, बुटांची बक्कलं, चांदीची भांडी, सोन्याचा मुलामा दिलेल्या फुलदाण्या. इमारत इतकी देखणी की बघायलाच माणसं लोटू लागली. काल लॉर्ड आणि त्यांच्या बायका, आज फ्रेंच आणि स्पॅनिश, उद्या जर्मन, रशियन, नॉर्वेजियन, असा पाहुण्यांचा हिशेब बोल्टनने एका पत्रात दिला आहे. नाही म्हणायची सोय नव्हती. आज हिंडून गेलेला उमराव उद्या फुलदाणी मागवेल, ही आशा. (फुलदाण्यांचं कौतुक उदंड झालं, धंदा तोट्यात गेला.) त्यातच कुणी यंत्राची मापं नजरेने टिपून न्यायला आलेला असायचा. आता कौतुकाने वाकून बघणारा आणि चोरायला वाकलेला, दोघं पाठमोरे सारखेच दिसतात.

घर कारखान्याला लागूनच. त्याला तो गमतीने फ्रेंचमध्ये ‘मैत्रीचं हॉटेल’ म्हणायचा. पौर्णिमेच्या सुमारास तिथे विद्वान मित्रांची बैठक बसे. परतताना रस्त्यावर उजेड हवा म्हणून पौर्णिमा. मित्रांची परतायची सोय चंद्राने केली, जेवणाची बोल्टनबाईंनी. बाईंचं नाव अ‍ॅन. धंद्यात तिच्या माहेरचाही पैसा होता, तेव्हा ‘हॉटेल’ नक्की कुणाचं, हे एकदा विचारायला हवं होतं.

मग ‘आमच्या पोराला जरा चिकटवून घ्या’ म्हणणारे. वडिलांकडे अशी पोरं चुलत्या-मावळ्यांच्या ओळखीने यायची आणि आठवड्यात बोटाला फडकं बांधून परत जायची. बोल्टनकडे बड्या घरचे लोक वर पैसे द्यायला तयार असायचे. तो सांगायचा, माझ्याकडच्या शिकाऊ मुलांचं घर अनाथ आणि गरीब पोरांसाठी आहे, तुमच्या मुलांना ती सोबत रुचायची नाही. नकार असा द्यावा की समोरच्याला आपणच मोठे वाटावं. वडिलांना हे कधी जमलं नाही.

कामगारांसाठी त्याने आजारपणाचा फंडही काढला. पगाराचा साठावा भाग कापायचा, माणूस आजारी पडला किंवा जखमी झाला की त्यातून द्यायचं. पण फंड असला तरी माणसं शेवटी मालकाच्याच दारात येतात. १७७६ मध्ये बॉस्वेल हा लेखक सोहो बघायला गेला. ‘सगळ्या जगाला हवी असते ती गोष्ट मी इथे विकतो: शक्ती’, हे बोल्टनचं प्रसिद्ध वाक्य त्यानेच टिपलं. पण मला त्याच भेटीतला दुसरा प्रसंग जास्त आवडतो. स्मिथ नावाचा एक कामगार गाऱ्हाणं घेऊन आला. भाडं थकलं म्हणून घरमालकाने सामान जप्त केलं होतं. बोल्टन म्हणाला, घरमालकाचं बरोबर आहे. पण असं कर, अर्धं भाडं देणारा एखादा मित्र शोध. उरलेलं अर्धं मी देतो, तुझं सामान तुला परत मिळेल.

वडिलांनी हे अर्धं-अर्धं केलंच नसतं. पूर्ण उचल दिली असती आणि आईला दिवाळीत कळलं असतं.