दुसरा भाग बाहेर आहे

मे महिन्यात मी नऊ पुस्तकं वाचली. त्यातल्या आठांचं चार ओळींत आटपेल. नववं हातात पडायला अठरा दिवस लागले, आणि तो राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितेय.

वाचनालय घरापासून सात मिनिटांवर. अनामत भरली, फोटो दिला, कार्ड मिळालं. एका वेळी दोन पुस्तकं, मुदत पंधरा दिवस. मेमध्ये मुलं आजोळी असतात, त्यामुळे या महिन्यात फक्त रहस्य, हेरगिरी आणि जादूची दुनिया वाचायची, बोधप्रद काही म्हणजे काही नाही, असं ठरवूनच टाकलं होतं. इंग्रजी कपाटातून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग उचलला. तिसरा शेजारीच दिसत होता. दुसरा कुठाय, हे बघायचं मला सुचलं नाही. तुम्ही बघा. मालिका उचलण्याआधी सगळे भाग फळीवर आहेत का ते बोटाने मोजा, मगच पहिलं पान उघडा.

टॉल्किनने ही एकच सलग कादंबरी लिहिली होती, प्रकाशकाने तिचे तीन तुकडे केले. त्यामुळे पहिला भाग संपतो म्हणजे काहीच संपत नाही. मंडळी पांगतात, फ्रोडो आणि सॅम होडीतून नदीपलीकडे जातात, आणि पुठ्ठा येतो. सहा तारखेला रात्री मी त्या पुठ्ठ्यापाशी होते. सात तारखेला सकाळी काउंटरवर.

"दुसरा भाग बाहेर आहे, ताई."

"कधी येईल?"

"राखीव वहीत नाव लिहून जा."

लिहिलं. मग पहिला भाग परत करताना त्याच्या मागच्या खिशातलं कार्ड सहज काढून बघितलं. माझ्या आधीची नोंद: सभासद ४१२, परत ११ एप्रिल. दुसऱ्या भागाचं कार्ड काउंटरच्या ट्रेमध्ये होतं. काउंटरवरच्या ताईंनी बघून सांगितलं, तेही ४१२, नेला ११ एप्रिलला. म्हणजे सव्वीस दिवस! मुदत पंधराची!

"फोन करा ना त्यांना."

"कोकणात गेलेत. तिकडे रेंज नसते. आंबे-फणस उरकले की येतील."

दंड दिवसाला एक रुपया. एवढ्या दंडाला कोण घाबरतंय?

इथे मी हुशारी केली. महिनाभर हेरकथा वाचायच्या ठरवल्यावर डोकं तसंच चालायला लागतं. विचार केला, ४१२ला कधीतरी तिसरा भाग लागणारच. तो माझ्याकडे असला, तर त्यांना दुसरा सोडावाच लागेल. आठ तारखेला मी तिसरा भाग घरी आणला. न वाचता. फ्रिजवर ठेवला.

या ओलिसापायी माझ्या कार्डावरची एक जागा अडकली आणि उरलेला महिना एकेका पुस्तकावर काढावा लागला. अगाथा ख्रिस्तीचं 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) आणलं. त्यात सुरुवातीलाच पार्कर या बटलरच्या नावाखाली कुणीतरी पेन्सिलने जाड रेघ मारून बाजूला लिहिलेलं, 'हाच!' तोंडाची चवच गेली. बापड्या पार्करवर मी शेवटपर्यंत डूख धरून बसले आणि शेवटी तोंडघशी पडले. ते अक्षर कुणाचं ते कळलं तर मला त्यांना चहा पाजायचाय. वाचनालयाच्या पुस्तकातल्या समासावर विश्वास ठेवू नका, हेही लिहून ठेवा.

मग जॉन ल काऱ्हेचं 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. हा माणूस स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरी केलेला, त्यामुळे इथे पिस्तुलं कमी आणि फायली फार. सुरुवात तर मुलांच्या एका शाळेत होते, पावसात, आणि आपण भलतंच पुस्तक आणलं की काय असं वाटतं. साठ-सत्तर पानं कळ काढा. कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानामागे मी स्माइली, हेडन, ब्लँड, एस्टरहेझ अशी नावं लिहून बाण काढले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्याचंच 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' दोन दिवसांत झालं. नारायण धारपांचं एक भयकथांचं पुस्तक, रात्री वाचू नये म्हणतात, मी रात्रीच वाचलं. बाबूराव अर्नाळकरांची तीन आईच्या माळ्यावर सापडली, त्यांना कार्ड लागत नाही. त्यांचा नायक काळापहाड अजूनही एका बैठकीत संपतो.

पण जीव नदीकाठीच अडकलेला. दर दोन दिवसांनी मी काउंटरवर, आणि दर वेळी तेच: "बाहेर आहे." तेवीस तारखेला मात्र माझा आवाज चढला. ताईंनी शांतपणे वही मिटली.

"अहो, ते बाराला आले आणि एकोणीसलाही आले. तिसरा भाग मागत होते. तो तुमच्याकडे आहे ना?"

"मग दुसरा का नाही घेतलात?"

"संध्याकाळी आले. तेव्हा काउंटरवर मी नसते. तिसरा नाही म्हटल्यावर ते म्हणाले, राहू दे, दोन्ही एकदम बदलीन. मुदत वाढवून गेले."

राखीव वही संध्याकाळी उघडलीच जात नाही, हे मला सतरा दिवसांनी कळलं. तेव्हा नाव लिहायचं ते दोन्ही पाळ्यांना तोंडाने सांगून, जमलं तर काउंटरच्या काचेवर चिठ्ठी चिकटवून. बाकी ओलीस धरण्याचा सल्ला मी कुणाला देत नाही. मी तो फ्रिजवर ठेवला नसता, तर दुसरा भाग बारा तारखेलाच मला मिळाला असता.

घरी जाऊन तिसरा आणून दिला. चोवीसला दुसरा मिळाला, आत आंब्याच्या रसाचा पिवळा डाग आणि एसटीचं तिकीट. तीस तारखेला रात्री पावणेएकला शेवटच्या पानावर आले. फ्रोडो जिवंत आहे, पण शत्रूच्या हातात सापडलाय, आणि पुन्हा पुठ्ठा. दुसरा भाग नोव्हेंबर १९५४चा आणि तिसरा ऑक्टोबर १९५५चा. म्हणजे तेव्हाच्या वाचकांनी इथे अकरा महिने काढले.

तिसरा आता ४१२कडे आहे. एकतीसला सकाळी मी ताईंना विचारलं, ते सध्या गावात आहेत ना?