दुसऱ्या वेळी कळा आणून घेतल्या: सिझरच्या भीतीचं काय झालं

दुसऱ्या बाळंतपणात मला कळा आणून घ्याव्या लागल्या, कारण बीपी. सदतीस आठवडे भरता भरता ते 140/90 च्या वर राहायला लागलं. गोळी सुरू झाली. लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट, लिव्हर सगळं तपासलं. रिपोर्ट चांगले आले. तरी डॉक्टर म्हणाल्या, "बाळाचे दिवस भरलेत. आता थांबून बाळाला काही मिळणार नाही, तुमचं बीपी मात्र चढू शकतं, झटके येऊ शकतात. ॲडमिट व्हा."

घरात एकच सूर लागला. पहिलं आपोआप झालं, नॉर्मल झालं, आता मुद्दाम कळा आणल्या की शेवटी सिझरच. मावशीने तर उदाहरणं तोंडपाठ म्हणून दाखवली. त्यातल्या बहुतेक जणी पहिलटकरणी होत्या, हे मात्र तिने सांगितलं नाही.

मी डॉक्टरांना सरळच विचारलं, "कळा आणल्याने माझं सिझर व्हायची शक्यता वाढते का?" त्या म्हणाल्या, "कोणाच्या तुलनेत?"

तेव्हा मला तो प्रश्न टाळाटाळीचा वाटला. पण सगळी गोम तिथेच आहे. जिला आज आपोआप कळा सुरू झाल्या तिच्याशी तुलना केली, तर कळा आणलेली बाई मागे पडणारच. तिचं शरीर अजून तयार नसतं. जुन्या अभ्यासांतून बऱ्याचदा हीच तुलना व्हायची. पण आपोआप कळा येणं आपल्या हातात असतं कुठे? माझ्यापुढे दोनच रस्ते होते: आज कळा आणणं किंवा वाढत्या बीपीसह वाट बघणं. वाट बघणाऱ्यांतही कुणाचं बीपी बिघडतं, कुणाच्या बाळाचे ठोके बिघडतात आणि त्यांचंही सिझर होतं. ती सिझरं 'कळा आणल्या म्हणून' या खात्यात कुणी धरत नाही, एवढंच.

नेदरलँड्समध्ये बीपी वाढलेल्या 756 गरोदर बायकांवर नेमकी हीच तुलना झाली होती. 2009 साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यात पहिलटकरणीही होत्या आणि आधी बाळंत झालेल्याही. कळा आणलेल्यांत सिझर 14 टक्के, थांबलेल्यांत 19 टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून 'कळा आणल्याने सिझर टळतं' असं मी म्हणणार नाही. पण वाढलं नाही, हे तर दिसतं. आईची तब्येत बिघडण्याचं प्रमाण मात्र कळा आणलेल्यांत स्पष्ट कमी होतं. एकोणचाळीस आठवड्यांना कळा आणण्याचा 2018 चा अमेरिकेतला जो अभ्यास सगळे पुढे करतात, त्यात सिझर 22.2 वरून 18.6 टक्क्यांवर आलं खरं, पण त्यातल्या सगळ्या पहिलटकरणी होत्या आणि आधीपासून धोका नसलेल्या. मी दोन्हीत बसत नव्हते.

माझ्या बाजूने एक मोठी गोष्ट होती: एकदा नॉर्मल बाळंतपण झालेलं. कळा आणणं यशस्वी होईल की नाही हे सांगणाऱ्या गोष्टींत हिचं वजन फार. दुसरी गोष्ट गर्भाशयाच्या तोंडाची. ते किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, पुढे आहे की मागे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, यावर गुण देतात. त्याला बिशप स्कोअर म्हणतात, 1964 चा आहे आणि गंमत म्हणजे तो मुळात आधी बाळंत झालेल्या बायकांसाठीच मांडला होता. आठ किंवा जास्त गुण असले की आपोआप कळा आल्यासारखंच धरतात. माझे चार होते. म्हणजे आधी तोंड मऊ करणं आलं.

त्यासाठी औषधाच्या जेलऐवजी फोलीचा फुगा ठरला. बारीक नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत घालून तिचा फुगा पाण्याने फुगवतात. त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडतं. औषधाच्या मानाने यात कळा एकदम अंगावर येण्याची भीती कमी. घालताना त्रास झाला, नंतर नुसतं जड वाटत राहिलं. फुगा आपोआप निसटला तेव्हा तोंड तीन सेंटीमीटरच्या आसपास उघडलं होतं. मग कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन सुरू झालं. डोकं नीट खाली टेकलंय हे बघूनच पाण्याची पिशवी फोडली, कारण डोकं वर असताना फोडली तर नाळ खाली घसरू शकते.

आणि चार सेंटीमीटरवर सगळं अडलं.

घरच्यांच्या चेहऱ्यावर 'बघ, सांगितलं होतं' स्पष्ट दिसत होतं. मीही धीर सोडत आले होते. ड्यूटीवर नव्याने आलेल्या डॉक्टरांनी सिझरचा विषय काढला. माझ्या डॉक्टरांनी फाईल बघितली: बाळाचे ठोके उत्तम, बीपी आटोक्यात, पिशवी फोडून अजून बारा तास झालेले नाहीत. "सहा सेंटीमीटरच्या आधी 'पुढे सरकत नाही' म्हणायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. आणलेल्या कळांत सुरुवातीचा हा टप्पा लांबतो, आधी बाळंत झालेल्या बाईचासुद्धा. आई आणि बाळ ठीक असतील, तर पिशवी फुटल्यावर निदान बारा ते अठरा तास ऑक्सिटोसिन दिल्याशिवाय कळा आणणं फसलं असं ठरवू नये, असा संकेत आहे. माझ्या मते कितीतरी सिझरं कळांमुळे नाही, या टप्प्यावरच्या घाईमुळे होत असतील.

पुढे उलटंच झालं. कळा एकीला लागून एक यायला लागल्या, दहा मिनिटांत पाचाहून जास्त. मशीनवर बाळाचे ठोके घसरले. सिस्टरने सलाईन तिथल्या तिथे बंद केलं आणि मला डाव्या कुशीवर वळवलं. थोड्या वेळात ठोके सावरले. सलाईन पुन्हा सुरू केलं ते कमी थेंबांवर. आधी बाळंत झालेल्या बाईत ऑक्सिटोसिन जपून वापरतात ते यासाठीच. बाळंतपणं जास्त झालेली असली तर गर्भाशय फाटण्याचा धोकाही थोडा वाढतो.

सहा सेंटीमीटरनंतर मोजायलाही फारसा वेळ मिळाला नाही. मी "खाली जोर येतोय" म्हणाले, तपासलं तर तोंड पूर्ण उघडलेलं. मुलगी झाली, नॉर्मल. रक्तस्राव आटोक्यात ठेवायला ऑक्सिटोसिनच दिलं. त्यासाठीचंच दुसरं औषध, मेथर्जिन, बीपीमुळे टाळलं.

पहिलं सिझर झालेली माझी एक मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "मग मीही असंच करीन." तिला सांगितलं, तुझा हिशेब वेगळा. गर्भाशयावर जुना टाका असताना कळा आणल्या तर तो उसवण्याचा धोका असतो, मिसोप्रोस्टॉल हे कळा आणायचं औषध तर वापरतच नाहीत. माझ्या अनुभवावरून तिने काही ठरवू नये.

बीपी बाळंतपणानंतरही काही दिवस चढतं, म्हणून गोळी चालू ठेवून घरी रोज मोजायला सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर मी आग्रहाने लिहून घेतलं: फुगा घातला तेव्हाचा स्कोअर, ऑक्सिटोसिन किती वेगाने चाललं, ठोके कधी घसरले आणि सहा सेंटीमीटरनंतर किती वेळात बाळ झालं. पुढच्या वेळी कोणीही डॉक्टर असोत, त्यांना हे लागेल.