मशीन म्हणते बाया बसून आहेत

श्रावणातली गोष्ट. दारव्ह्याकडचं एक गाव, पऱ्हाटीचं वावर, आणि आमचं काम म्हणजे निंदणाऱ्या बायांच्या कमरेला नि मनगटाला छोटे सेन्सर बांधायचे, दिवसभरात कोण किती वेळ चालतं, वाकतं, उभं राहतं ते मशीनकडून ओळखून घ्यायचं. कंबर-गुडघ्याच्या दुखण्यावर अभ्यास करणाऱ्यांना हा डेटा पाहिजे होता. सेन्सर म्हणजे फार काही नाही, मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ती ज्याच्यामुळे फिरते तोच एक्सेलरोमीटर, जोडीला वळणं-फिरणं मोजणारा जायरोस्कोप.

दुपारी भाकरीच्या वेळेला वावराचे मालक आले आणि माझ्या टॅबमध्ये डोकावले. सकाळपासूनची पट्टी जवळपास सगळी निळी, आणि खाली लिहिलेलं की निळं म्हणजे 'बसलेले'. झालं. "मंग मी मजुरी कायची देऊन राह्यलो बे?"

झाडाखाली बसलेल्या मावशीनं ते ऐकलं. हातातली भाकर तशीच पदरावर ठेवून म्हणे, "कोन म्हनते बसून होतो? उकिडवं बसू बसू मांड्या भरल्या माह्या, अन् हे मशीन बाजीवर बसल्यासारकं सांगते काय? त्याले म्हना ये, धर एक पात." सगळ्या हसल्या, पण एकेकीनं पट्टे सोडून धुऱ्यावर ठेवले ते ठेवलेच.

मशीनला दोष देऊन काय फायदा, ऑफिसनं आयतं मॉडेल, म्हणजे हालचाल ओळखणारा प्रोग्राम, पाठवलं होतं आणि ते शिकलेलं कशावर? या कामात जगभर वापरला जाणारा एक जुना डेटासेट आहे, 19 ते 48 वयाची 30 माणसं, कमरेला स्मार्टफोन, सेकंदाला 50 रीडिंग, 2.56 सेकंदांचे तुकडे, आणि क्रिया फक्त सहा: चालणं, जिना चढणं, जिना उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं पडणं. आता पऱ्हाटीच्या वावरात जिना कुठून आणायचा? उकिडवं बसून पुढे सरकणं त्यात नाहीच, मग सहापैकी जो खाना जवळचा वाटेल त्यात ते टाकून मोकळं. तसंही कमरेच्या सेन्सरला बसणं आणि उभं राहणं यातला फरक नीट कळत नाही, धड दोन्हीकडे सरळच असतं, गुरुत्वाकर्षणाचा 9.8 चा ओढा एकाच दिशेनं दिसतो. मांडीला सेन्सर लावला तर लगेच कळेल, पण लुगड्यात मांडीला पट्टा कोण बांधू देईल, आणि मी तरी कोणत्या तोंडानं विचारू.

मावशीची समजूत काढायला उशीर लागला. तिनं एकच अट घातली, "हे चित्र मालकाले दाखवाचं नाही." मला ती शंभर टक्के पटली, दुखण्याचा अभ्यास हजेरीला वापरायचाच नाही. ऑफिसला फोनवर फोन केले तेव्हा कुठे मान्य झालं. मग ती पातीला लागली आणि मी मागून व्हिडिओ काढत गेलो. उजव्या हातात खुरपं, डाव्या हातानं गवताची मुठी ओढायची, मुळाची माती झटकायची, मागं फेकायचं आणि न उठता एक पाय पुढं, मग दुसरा. कमरेच्या ग्राफवर त्या सरकण्याचा छोटासा उंचवटा येतो, थोड्या थोड्या वेळानं परत परत. जेवायला बसल्यावर तो येतच नाही. आमच्या कामाचं तेच होतं.

मनगटाचा ग्राफ मात्र नुसता काटेरी, कारण हिरव्या बांगड्या. हातभर चुडा, खुरप्याच्या प्रत्येक फटक्याला सेन्सरवर खणखण. श्रावणात बांगड्या काढा म्हणणारा मी कोण. ऑफिसवाले म्हणे फिल्टर लाव, माणसाची हालचाल 20 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 20 हेलकाव्यांच्या, खालचीच असते, वरचं गाळून टाक. पण सेकंदाला 50 रीडिंग घेतले तर त्याच्या निम्म्या, 25 हर्ट्झच्या वरचं नीट पकडताच येत नाही, ते दुमडून खालच्या डेटात येऊन बसतं आणि मग गाळणार काय कपाळ? शेवटी सेन्सर बांगड्यांच्या वर, कोपराकडे सरकवला आणि ग्राफ बराच साफ झाला. एक काकू डावखुरी निघाली, तिचा उजवा हात नुसतं गवत ओढायचा, म्हणून तिच्यासाठी वेगळा पट्टा.

आता निंदणाचा खाना वेगळा आहे आणि मशीन तो ओळखते पण. ज्या बाईचा डेटा शिकवताना वापरलाच नाही तिच्यावर तपासलं की जरा गडबडते, आणि खरी परीक्षा तीच, कारण ज्यांच्यावर शिकवलं त्यांच्यावरच तपासलं तर आकडे सुंदरच येतात. वेचणीला सीतादही, म्हणजे कापूस वेचायला सुरुवात करतानाची वावरातली पूजा, झालं की पुन्हा जायचंय. तेव्हा कमरेला कापसाची ओटी असणार, ती भरत गेली की पट्टा ओढला जाऊन सेन्सर तिरपा होतो, आणि त्यावर पाठीवर बांधण्यापलीकडे आमच्यापैकी कोणाला काही सुचलेलं नाही. मावशीला विचारलं तर म्हणे, "पाठीवर बांध, पन घामानं खाजलं तं फेकून देईन."