एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह: माझा अनुभव
एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असे नव्हे, ही गोष्ट मला फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळली. ती दुसऱ्या कोणा बाईला अहवालाच्या पहिल्याच दिवशी कळावी, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मी नेहमीच्या तपासणीसाठी गेले होते. तिशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीने ही तपासणी करून घ्यावी, असे सांगून डॉक्टरबाईंनी मऊ ब्रशने गर्भाशयमुखाचा नमुना घेतला. मला कसलाही त्रास नव्हता. पाळी नियमित होती, अंगावरून काही जात नव्हते. अहवालात मात्र ‘प्रकार १६’ असे लिहून आले. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतील सुमारे १४ कर्करोगाला कारणीभूत ठरू शकतात. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना जबाबदार आहेत, आणि शरीरात चिवटपणे टिकून राहण्यात १६ क्रमांकाचा प्रकार सर्वांत पुढे आहे.

घरी हे कसे सांगावे, याची मला रोगापेक्षा अधिक धास्ती होती. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो असे समजल्यावर संशयाला वाट मिळते, आणि आपल्याकडे तो संशय बहुतेक वेळा बाईवरच येतो. सुदैवाने पुढच्या भेटीला माझे यजमान सोबत आले आणि त्यांनी स्वतःच सगळे प्रश्न विचारले. विषाणू केव्हा आला आणि कोणाकडून आला हे कोणत्याही तपासणीतून सांगता येत नाही, तो वर्षानुवर्षे सुप्त राहून नंतरही सापडू शकतो, आणि शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच, हे डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातील अशी तपासणी उपलब्ध नाही, हेही तेव्हाच कळले. पहिल्या भेटीलाच पतीला बरोबर न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रकार १६ असल्यामुळे थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची बारकाईने पाहणी, करायचे ठरले. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावले की बदललेल्या पेशींचा भाग पांढरट दिसू लागतो. तेथून बायोप्सीसाठी बारीक तुकडा घेतात. पाळीच्या कळेसारखी एक कळ येऊन जाते, त्याहून अधिक काही नाही. अहवाल सीआयएन १ असा आला. सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींतील कर्करोगपूर्व बदल; १ म्हणजे सौम्य, ३ म्हणजे तीव्र. हा बदल सौम्य असतो आणि बहुतेक वेळा आपोआप मावळतो, म्हणून वर्षभर थांबून पुन्हा तपासणी करायची, असा सल्ला मिळाला.

हे थांबणे मला सर्वांत जड गेले. विषाणू अंगात आहे हे ठाऊक असून औषध कसे नाही, हा माझा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर या विषाणूच्या वागण्यात आहे. सूक्ष्म ओरखड्यांतून तो अस्तराच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींत शिरतो, पण रक्तात उतरत नाही. त्याच्या प्रती तयार होतात त्या वरच्या थराकडे सरकणाऱ्या, लवकरच गळून पडणाऱ्या पेशींत; त्यासाठी तो पेशी फोडत नाही आणि दाहही होऊ देत नाही. चोर घरात वावरत असूनही कुत्रा भुंकू नये, तशी प्रतिकारशक्तीची अवस्था होते. अखेरीस अस्तरातील पहारेकरी पेशी विषाणूची प्रथिने ओळखतात, लसिकाग्रंथींतील टी पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) ती दाखवतात आणि या टी पेशी लागण झालेल्या जागी पोहोचून विषाणूला आवर घालतात. यात बरेच महिने जातात. तरीही सुमारे ९० टक्के लागणी दोन वर्षांच्या आत तपासणीत दिसेनाशा होतात. प्रतिपिंडांचा यात फारसा वाटा नसतो. कित्येक स्त्रियांच्या रक्तात ती तयारच होत नाहीत, त्यामुळे एकदा लागण होऊन गेली म्हणून पुन्हा होणार नाही अशी हमी मिळत नाही.

शरीराला हे न जमण्याची कारणेही डॉक्टरबाईंनी एकेक करून विचारली: धूम्रपान, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी इतर औषधे. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सहापट असतो. माझ्या बाबतीत यांतील एकही कारण नव्हते. नातेवाइकांनी गुळवेलीचा काढा सुचवला, कोणी महागड्या गोळ्यांची नावे दिली. विषाणू घालवणारे सिद्ध औषध नाही, असे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितल्यावर मी त्यांपैकी काहीही घेतले नाही.

पुढच्या वर्षी अहवाल पुन्हा प्रकार १६ पॉझिटिव्ह आला आणि या वेळी बायोप्सीत सीआयएन ३ निघाले. टिकून राहिलेल्या विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या पी५३ आणि आरबी या प्रथिनांना निकामी करतात. बदल सौम्यावरून तीव्र होतो तो त्यामुळे. न्यूझीलंडमध्ये ज्या स्त्रियांच्या सीआयएन ३ वर पुरेसे उपचार झाले नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कर्करोग झाला. म्हणजे हाही कर्करोग नव्हता, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

स्थानिक भूल देऊन, विजेच्या प्रवाहाने तापणाऱ्या तारेच्या कड्याने तो भाग काढून टाकण्यात आला. या शस्त्रक्रियेला लीप म्हणतात. त्याच दिवशी मी घरी आले. नंतर काही दिवस स्राव होत राहिला आणि जड उचलणे व शरीरसंबंध टाळावे लागले. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ असल्याचे, म्हणजे कडांवर बदललेल्या पेशी नसल्याचे, कळेपर्यंतचे दिवस मात्र कठीण होते. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच तसे सांगावे, कारण पुढे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका थोडा वाढतो.

सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. तो समूळ गेला की खालच्या थरातील पेशींत अत्यल्प प्रमाणात दबून राहिला, हे या अहवालावरून ठरवता येत नाही, म्हणून आधी दर वर्षी आणि मग काही वर्षांच्या अंतराने, अशी निदान पंचवीस वर्षे तपासणी सुरू ठेवायची आहे.

हा विषय कोल्हापूरसारख्या शहरातही कुजबुजीतच बोलला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण एकाच एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला दाखवून देणारा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने झाला. त्या बायका तपासणीला पुढे आल्या होत्या. माझ्या जाऊबाईंनीही आता तपासणी करून घेतली आणि त्यांचा अहवाल निगेटिव्ह आल्यामुळे पुढची तपासणी त्यांना पाच वर्षांनी करायची आहे. लस आधीची लागण घालवत नाही, ती लागण होण्याआधी घ्यावी लागते. म्हणून त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लसीचा पहिला डोस आम्ही दिला असून दुसरा सहा महिन्यांनी द्यायचा आहे.