तुम्ही विचारलंत म्हणून: डेव्हलिनची कड का घेते?

"अगं, त्याने मॅच विकल्या, तुला त्याचा एवढा पुळका का?" जिम डेव्हलिन, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा), त्याचं नाव काढलं की हे ठरलेलंच. आणि आपण क्रिकेटमधलं २००० सालचं फिक्सिंग प्रकरण बघितलेली माणसं, फिक्सिंग म्हटलं की पुढचं ऐकूनच घेत नाही.

विकल्याच. मी कधी नाही म्हटलं? त्याची लुईव्हिलची टीम १८७७ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल लीगमध्ये पहिल्या नंबरवर होती, मग पूर्वेच्या दौऱ्यात हरतच सुटली, बोस्टनने लीग नेली, खेळाडूंच्या तारा (टेलिग्राम) तपासल्या तर त्यात जुगाऱ्यांशी ठरलेला 'सॅश' हा इशारा, आणि डेव्हलिनने कबूल केलं. चौघं कायमचे बाहेर. त्यातल्या बिल क्रेव्हरने तर फक्त आपल्या तारा वाचू दिल्या नव्हत्या. पण त्या सीझनला टीमच्या सगळ्याच्या सगळ्या ५५९ इनिंग डेव्हलिनने एकट्याने टाकल्या होत्या आणि त्याच क्लबने त्याचा पगार थकवला होता, हे कुणी बोलत नाही. याने गुन्हा धुतला जात नाही, माहितेय मला. पण पगार थकवणाऱ्यांवर कसलीच बंदी आली नाही, एवढं तरी म्हणू द्या.

माझं मन अडकलंय ते त्यानंतरच्या हिवाळ्यांत. फेब्रुवारी १८७८ मध्ये त्याने बोस्टनच्या टीमचा मॅनेजर हॅरी राइट याला पत्र लिहिलं, मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये, की हिवाळाभर हातातोंडाची गाठ पडत नाहीये, मला, बायकोला, लेकराला अंगावर घालायला कपडा नाही, तर मैदानाची देखभाल किंवा पडेल ते काम द्या.

मग शिकागोचं ते ऑफिस. हे शिकागोच्या टीमचा जुना खेळाडू स्पाल्डिंग याने १९११ मध्ये लिहिलंय, म्हणजे तीसेक वर्षांनी, आणि तो लीगचा अध्यक्ष हलबर्ट याचाच माणूस, तेव्हा जपूनच वाचायला हवं. कडाक्याची थंडी, डेव्हलिनच्या अंगात ओव्हरकोट नाही, बूट चालून चालून फाटलेले, आतलं लाल मांस दिसतंय. तो हलबर्टसमोर गुडघ्यांवर बसला, माझ्यासाठी नाही, बायकोपोरासाठी मागतोय म्हणाला. हलबर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने खिशातून पन्नास डॉलरची नोट काढून त्याच्या हातात ठेवली आणि सांगितलं की माणूस म्हणून तुझ्याबद्दल मला हे वाटतं, पण तू मॅच विकलीस, तुझ्यावर विश्वास नाही टाकता येत, चालता हो, मी जिवंत असेपर्यंत तुला माफी नाही.

पूर्वी मी हलबर्टला सरळ निर्दय म्हणायचे. आता तोंडातून निघत नाही. १८७६ ला सुरू झालेली लीग, आजूबाजूला उघड जुगार, अशात याला परत घेतला असता तर तिकीट काढून कोण आलं असतं? पण लगेच दुसरं मन उसळतं, की तो तर मैदान राखायचं काम मागत होता! गवत कापणारा माणूस कुठली मॅच विकणार? त्यावर पहिलं मन म्हणतं, खेळाडूंत उठबस असली की निरोप पोचवता येतात की. हे भांडण माझ्या डोक्यात अजून मिटलेलं नाही.

हलबर्ट १८८२ ला गेला, तरी डेव्हलिन लीगमध्ये परतला नाही. तो फिलाडेल्फियात पोलीस झाला होता. बेसबॉलला ज्याचा भरवसा नव्हता त्याला त्याच्या गावाने वर्दी दिली, आणि क्षयाने तो १० ऑक्टोबर १८८३ ला वारला, वय ३४. त्याला पुन्हा पिचिंग करू द्यायला हवं होतं का, असं विचाराल तर हो म्हणायला अजून जीभ रेटत नाही माझी. मैदानावरचं काम मात्र द्यायला हवं होतं.